पंक्चरपुराण

रविवारी सकाळी मी अंगणात सायकल उलटी केली की सौ. विचारते, "अहो, कोपऱ्यावरचं दुकान काय संपावर गेलंय?" तिला इतिहास कोण सांगणार!

बेलफास्टला डनलप म्हणून एक गुरांचे डॉक्टर होते. पोराच्या तीनचाकीला हादरे बसू नयेत म्हणून त्यांनी खटपट करून हवेचा टायर बनवला आणि १८८८ साली पेटंट घेतलं. हवा आली, पाठोपाठ पंक्चर आलं. त्यात टायर रिमला चिकटवलेला! असाच एक पंक्चरवाला फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंच्या रबराच्या कारखान्यात येऊन थडकला. दुरुस्तीला तीन तासांवर गेले, वर चिकटवण सुकायला अख्खी रात्र. अखेर १८९१ साली बंधूंनी सुटा निघणारा टायर काढला आणि ही विद्या घरोघरच्या अंगणात आली.

परवा घमेल्यात ट्यूब बुडवली. बुडबुडा दिसताच नातू ओरडला, "आजोबा, सापडलं!" वडिलांच्या घमेल्याशेजारी बसून मीही असाच ओरडायचो.

चाक बसवल्यावर एक वायसर उरला. मी तो गुपचूप खिशात टाकला. नातवानं पाहिलं, पण आजीला काही बोलला नाही. वडिलांच्या खिशातले वायसर मीही आईला कधी सांगितले नव्हते.