पावलांचा हिशेब



यंदा दिवाळीला आलेल्या पाहुण्यांपैकी निदान चौघांनी माझ्या मनगटाकडे बघून एकच प्रश्न विचारला. "बाई, ह्या स्मार्टवॉचचा खरंच काही उपयोग होतो का? की नुसतं फॅड?" जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे कुठल्याही प्रश्नाचे उत्तर मला जरा मागे जाऊनच द्यावेसे वाटते. थोडे पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

पूर्वी आपल्याकडे लग्नात पाण्यावर घटिकापात्र ठेवत. तांब्याची वाटी, तिच्या बुडाला बारीक छिद्र. पाणी आत येत येत वाटी भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटे. दिवसरात्र मिळून अशा साठ घटका. "घटका भरली" असे आपण म्हणतो, त्यामागे हीच वाटी आहे. पण हे पात्र काही घरोघरी रोज मांडलेले नसे. शेतकऱ्याला मिनिटांची गरज नव्हती. सावली कुठवर आली ते बघून त्याचे भागत असे.

मिनिटांची गरज आणली ती रेल्वेने. आपल्या भागात बार्शी लाइट रेल्वे आली. अडीच फुटी रुळांची ही छोटी गाडी १८९७ साली आधी बार्शीपर्यंत धावली आणि १९११ मध्ये येडशी, ढोकी करत लातूरला पोचली. तिच्या शिटीवर रानातली माणसे भाकरी सोडत, असे आमच्या घरातले म्हातारे सांगत. १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशाला एक प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईकरांना ती पचली नाही. तिथल्या महापालिकेने ३९ मिनिटे मागे असलेली आपली 'मुंबई वेळ' पुढे कित्येक वर्षे जपली! स्वतःची वेळ दुसऱ्याने ठरवलेली माणसाला आवडत नाही, हे तेव्हापासूनचे आहे.

मनगटी घड्याळ आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आले ते एच.एम.टी.मुळे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ साली बंगळूरला हा सरकारी कारखाना सुरू झाला. नवरदेव रुसून बसायचे ते सायकल, रेडिओ आणि घड्याळासाठी! मी नोकरीला लागल्यावर घेतलेले चावीचे घड्याळ अजून कपाटात आहे. कंपनी मात्र उरली नाही. ती बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला.

आता एक गंमत बघा. घटिकापात्र, गाडीची शिटी, शाळेचा टोल, मनगटावरचे एच.एम.टी. ही सगळी आपल्याला बाहेरची वेळ सांगत होती. मुहूर्ताची, गाडीची, मस्टरवर सही करायची. तुझी छाती किती धडधडते, तू आज किती चाललीस, हे कुठल्याही घड्याळाने कधी विचारले नव्हते. स्मार्टवॉच पहिल्यांदा आपल्याबद्दलच आपल्याला सांगते. नवे आहे ते एवढेच, पण एवढे पुष्कळ आहे.

पावले मोजणे मात्र नवे नाही. इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्याने कुमाऊंकडचे पंडित नैनसिंह यांना वेष पालटून तिबेटात पाठवले होते. जपमाळेत मणी असतात १०८, यांच्या माळेत होते १००. दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. १८६५ मध्ये निघून ते पुढच्या वर्षी ल्हासाला पोचले. बघणाऱ्यांना वाटायचे, यात्रेकरू जप करतोय. ती पावले सरकारच्या नकाशासाठी मोजली जात होती, नैनसिंहांच्या तब्येतीसाठी नव्हे.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९६५ साली, एका जपानी कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. आज जो तो "दहा हजार झाले का?" विचारतो, तो आकडा या यंत्राच्या नावातून जगभर गेला. म्हणून तो पुरा झाला नाही तर जीव जाळू नका. २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १७ हजार बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज २७०० च्या आसपास पावले चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. चालल्यामुळेच त्या जगल्या, असे यातून सिद्ध होत नाही. धडधाकट बाई मुळातच जास्त चालणार. तरी माझ्या वयाला तो आकडा धीर देतो.

पण घड्याळ बांधले म्हणजे माणूस चालायला लागतो का? २०१६ मध्ये अमेरिकेतल्याच एका प्रयोगाचे निष्कर्ष आले. वजन जास्त असलेल्या ४७१ तरुणांना दोन वर्षे आहाराचा आणि व्यायामाचा सल्ला दिला. त्यातल्या निम्म्यांना सहा महिन्यांनी हालचाल मोजणारे यंत्रही दिले. यंत्रवाल्यांचे वजन सरासरी साडेतीन किलो उतरले आणि बिनयंत्रवाल्यांचे जवळजवळ सहा किलो! आकडा दिसला की इच्छाही होईल, असे नाही.

मग इच्छा येते कुठून? यासाठी आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही. कोजागिरीला सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर उभे राहा. सोलापूरकडून, कर्नाटकातून लाखो माणसे रात्रभर चालत आईच्या दर्शनाला येतात, कितीतरी अनवाणी. सोलापूर ते तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर. दोन फुटांचे पाऊल धरले तर पाऊण लाखाच्या आसपास पावले झाली! त्यांच्या मनगटावर काही नसते. पुढे पोचायचे ठिकाण असते, शेजारी गावची माणसे असतात आणि बोललेला नवस असतो.

आणि काही चालणे असे असते की ते मोजायचे कुणाच्या मनातच येत नाही. १९७२ च्या दुष्काळात मी कॉलेजात होते. गावाकडच्या बायका दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. खडीचे माप टेपने घेत, मजुरी त्या मापावर. घरापासून कामापर्यंतची दोन-तीन मैलांची पायपीट आणि परत आल्यावर डोक्यावर हंडा घेऊन पाण्यासाठी केलेल्या खेपा कुठल्याच मापात नव्हत्या. गंमत म्हणजे हे घड्याळही त्या नीट मोजू शकले नसते. हाताच्या हालचालीवरून ते पावले ओळखते. मी भाकरी थापते तेव्हा माझी पावले वाढतात! डोक्यावरचा हंडा धरलेला हात मात्र हलत नाही.

तेव्हा पाहुण्यांनो, माझे उत्तर असे. घड्याळ हा साक्षीदार आहे, सोबती नाही. सकाळी हातलाईच्या बाजूला आम्ही चार-पाच जणी फिरायला जातो. त्यांनी दारातून हाक मारली की मी उठते. घड्याळ मनगटावर थरथरले तर कूस बदलते. पण परवा दोन दिवस ताप होता तेव्हा नाडी नेहमीपेक्षा जलद चालल्याचे त्यानेच दाखवले, आणि मी वेळेवर डॉक्टरांकडे गेले.

दुसरा उपयोग मी धरलाच नव्हता. हे गेल्यापासून मी एकटी राहते. माझा आकडा पुण्याला लेकीच्या फोनवर जातो. सुरुवातीला ते मला मस्टरसारखे वाटले. उभ्या आयुष्यात सह्या केल्या, आता म्हातारपणी चालण्याचीही हजेरी! एकदा घड्याळ चार्जिंगला लावून विसरले, तर दहाच्या आत तिचा फोन. "आई, आज शून्य का?" आधी राग आला. मग तासभर बोललो. कोपऱ्यावरची चिंच तोडली, शेजारच्या वहिनींचा गुडघा दुखतो, असले सगळे. आता ती आकड्याबद्दल विचारत नाही, कुठे गेली होतीस ते विचारते. हजेरी आणि विचारपूस यांत फरक आहे तो एवढाच.

घेणार असाल तर महागडे घेऊ नका. अंक मोठे दिसतील असे घ्या. पहिला आठवडा नुसते बघा, आपण मुळात किती चालतो. मग त्यात पाचशे वाढवा. छातीत दुखले तर मनगटाकडे बघत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि घड्याळाच्या आधी फिरायला येणारे एखादे माणूस शोधा. ते फुकट मिळते, आणि त्याला चार्जिंग लागत नाही.