गियान-बारे सिंड्रोम

गियान-बारे सिंड्रोम : (जीबीएस, वृत्तपत्रांत ‘गुलेन बॅरे’ असेही लिहिले जाते). शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच चेतातंतूंवर उलटल्याने काही दिवसांत स्नायू दुबळे करणारा विकार. मेंदू व मज्जारज्जूतून निघून हातपाय, चेहरा आणि छातीच्या स्नायूंपर्यंत जाणाऱ्या चेता त्यात बिघडतात. मेंदू मात्र शाबूत राहतो. म्हणून रुग्ण बोटही हलवू शकत नसला, तरी त्याला सहसा सारे ऐकू येते आणि कळते. हा विकार वर्षाला लाखात एखाद-दोघांना होतो. त्याचे प्रमाण वयाबरोबर वाढते व पुरुषांत किंचित अधिक असते. तो एकाकडून दुसऱ्याला होत नाही.

इतिहास : पायांकडून वर चढत जाणाऱ्या पक्षाघाताचे वर्णन फ्रेंच वैद्य झां लांद्री यांनी १८५९ मध्ये केले होते. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, जॉर्ज गियान, झां-अलेक्सांद्र बारे आणि आंद्रे स्ट्रोल यांनी अशाच दोन सैनिकांच्या पाठीच्या कण्यातील द्रव तपासला. त्यात प्रथिने वाढलेली होती, पण पेशी वाढल्या नव्हत्या. पोलिओत या पेशी वाढतात, म्हणून ही खूण निदानाला मोलाची ठरली. नावात स्ट्रोल मात्र राहिले नाहीत.

कारणे : सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांना आधीच्या सहा आठवड्यांत जुलाब किंवा सर्दी-खोकला-ताप येऊन गेलेला असतो. सर्वांत परिचित निमित्त म्हणजे दूषित पाणी व अर्धकच्च्या कोंबडीच्या मांसातून पोटात जाणारा कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू. त्याच्या आवरणातील काही रेणू चेतांवरील गँग्लिओसाइड या रेणूंसारखे दिसतात. जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे या साम्यामुळे फसतात आणि चेतांवरच तुटून पडतात. काहींत चेतेवरचे मायलिनचे आवरण झिजते, तर काहींत आतला तंतूच दुखावतो. झिका विषाणूच्या साथींनंतरही हा विकार वाढलेला दिसला आहे. जुलाब झालेल्या हजारो लोकांपैकी एखाद्यालाच तो होतो.

लक्षणे : सुरुवात बहुधा पायांना मुंग्या येण्याने आणि कंबरदुखीने होते. मग जिना चढवत नाही, मांडी घालून बसले की उठवत नाही, पायातली चप्पल निसटते. अर्धांगवायूत शरीराची एक बाजू जाते. इथे दोन्ही बाजू सारख्याच दुबळ्या होतात. अशक्तपणा पायांतून हातांत, चेहऱ्यात, गिळण्याच्या स्नायूंत चढू शकतो. तो चार आठवड्यांच्या आत कळसाला पोहोचतो. साधारण चार-पाच रुग्णांमागे एकाला व्हेंटिलेटर लागतो. रक्तदाब आणि हृदयाची गती अचानक वरखाली होणे हाही मोठा धोका. मिलर फिशर हा प्रकार वेगळा : त्यात डोळ्यांची हालचाल थांबते व तोल जातो.

निदान : गुडघ्यावर हातोडीने ठोकल्यावर उमटणारी प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते किंवा नाहीशी होते. कण्यातील द्रवाची आणि चेतावहनाची तपासणी निदान पक्के करते. मात्र पहिल्या आठवड्यात दोन्ही निर्दोष येऊ शकतात. त्यामुळे अहवालाची वाट पाहत रुग्णाला घरी ठेवू नये. श्वासाची ताकद वारंवार मोजावी लागते, कारण ती काही तासांत ढासळू शकते.

उपचार : दोन उपचार सारखेच गुणकारी ठरले आहेत : शिरेतून पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिन देणे, किंवा रक्तातील द्रव काढून बदलणे (प्लाझ्मा एक्स्चेंज). दोन्ही पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावेत. स्टेरॉइडचा उपयोग होत नाही.

पुण्यातील उद्रेक : जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागांत रुग्ण एकाएकी वाढले, पुणे परिसरातील आकडा दोनशेच्या पुढे गेला. काही रुग्ण दगावले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आढळला आणि संशय पिण्याच्या पाण्यावर केंद्रित झाला. पाणी उकळून पिणे, मांस पूर्ण शिजवणे व हात धुणे हा सल्ला तेव्हा घरोघर पोहोचला. तो एरवीही तितकाच खरा आहे, पण पाणी शुद्ध पुरवण्याची जबाबदारी तो घरांवर ढकलू शकत नाही.

पुनर्वसन : सहा महिन्यांत सुमारे ८० टक्के रुग्ण आधाराशिवाय चालू लागतात, मृत्यूचे प्रमाण सुमारे ५ टक्के आहे. दुखावलेला तंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो, म्हणून पायाच्या बोटांपर्यंत बळ परतायला कित्येक महिने लागतात. थकवा त्याहून अधिक काळ रेंगाळतो. फिजिओथेरपी सुरुवातीपासून हवी. रुग्ण व्हेंटिलेटरवर असला, तरी दिवस कोणता, आज काय करणार, घरी कोण कसे आहे, हे त्याला सांगत राहावे. तो ऐकत असतो.