चहाचा मानकरी

देवळांच्या मानपानाचे वाद पेडणे-डिचोलीत आपण ऐकतच वाढलो. तेव्हा चीनच्या फुजियान प्रांतातील आनशीची ही कथा आपणांस परकी वाटणार नाही. ग्वानयिन देवीच्या पडक्या देवळात झाडलोट करून धूप जाळणाऱ्या वेई नावाच्या शेतकऱ्याला तिने स्वप्नात चहाचे रोप दाखविले. त्याने कलमे शेजाऱ्यांना वाटली. हाच ‘तिएग्वानयिन’ चहा. वांग घराणे मात्र म्हणते, रोप आमच्या विद्वान पूर्वजाला सापडले, नाव बादशहा चिएनलुंगने ठेविले! (ही देवी म्हणजे मुळात आपल्याकडून तिकडे गेलेला अवलोकितेश्वर.) नार्व्याच्या सप्तकोटेश्वराच्या जीर्णोद्धाराला १६६८चा शिलालेख तरी आहे. येथे एका बाजूस देवीचा कौल, दुसऱ्या बाजूस बादशहाची मोहर. दोन्ही घराण्यांची गावे शिपिंग भागातच. दोन्हीकडे आजही मूळ झाड दाखवितात.