बडोद्याची शिष्यवृत्ती आणि निपाणीचे बोर्डिंग

गणेशोत्सवाच्या मांडवात गुणवंतांचा सत्कार करण्याची आपल्या भागात जुनी पद्धत आहे. शाल, श्रीफळ, एखादे पुस्तक आणि अध्यक्षांचे दोन शब्द. पूर्वी हा मान दहावी-बारावीच्या मुलांचा असे. अलीकडे त्यात परदेशी पीएच. डी.ला निघालेली मुलेमुलीही दिसू लागली आहेत. त्यांचे नाव पुकारताना निवेदक ‘संपूर्ण शिष्यवृत्ती मिळवून’ हे शब्द जरा मोठ्याने उच्चारतो आणि टाळ्याही तिथेच पडतात. फी माफ, राहण्याखाण्याचा खर्च मिळणार, विमानाचे तिकीटही मिळणार. आईबापाला शेत गहाण टाकावे लागणार नाही. टाळ्या पडाव्यात अशीच ही गोष्ट आहे.

यंदाच्या स्मरणिकेसाठी काय लिहावे याचा विचार करताना आम्हांला या टाळ्या आठवल्या आणि त्यामागोमाग एक तारीख आठवली. एप्रिल १९२५. त्या महिन्यात मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे तिसरे अधिवेशन निपाणीत भरले आणि अध्यक्षपदी होते डॉ. भीमराव आंबेडकर. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यातच होता, म्हणून इलाख्याची परिषद निपाणीत भरली यात नवल नव्हते. परदेशी डॉक्टरेटसाठी मिळालेली शिष्यवृत्ती म्हणजे काय, ती कुठवर पुरते आणि कुठे संपते, हे ज्याने अंगावर सोसले होते असा माणूस त्या एप्रिलात आपल्या गावी येऊन गेला. निपाणीच्या परिषदेचा उल्लेख चळवळीच्या इतिहासात येतो. शिष्यवृत्तीच्या इतिहासातही तिला जागा आहे, असे आम्हांला वाटते.

आरंभ मुंबईत होतो. कृष्णराव अर्जुन केळुसकर या गुरुजींनी भीमरावांची हुशारी हेरली आणि सयाजीराव गायकवाडांच्या कानावर घातली. महाराजांनी दरमहा २५ रुपये देऊ केले, त्यावर एल्फिन्स्टन कॉलेजचे शिक्षण पार पडले. बी. ए. झाल्यावर १९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याच्या नोकरीत गेले, पण थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यायला सुरतेला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी घरी पोचले तेव्हा रामजी सुभेदारांचे प्राण डोळ्यांत उरले होते. २ फेब्रुवारीला ते गेले.

त्यानंतर चारच महिन्यांनी, ४ जून १९१३ रोजी, बडोद्याच्या विद्याधिकाऱ्यांसमोर करारपत्रावर सही झाली. महाराज त्या वर्षी काही विद्यार्थी अमेरिकेत पाठवणार होते, त्यांत भीमरावांची निवड झाली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. ठरलेले विषय शिकायचे आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. आजच्या मुलांच्या भाषेत सांगायचे तर स्टायपेंड, मुदत आणि बाँड, तिन्ही एकाच कागदावर.

जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. वय बावीस. पुढची तीन वर्षे त्यांनी कशी घालवली याच्या कथा आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. अठरा अठरा तासांच्या अभ्यासाचे त्यात थोडे स्तोत्रही झाले आहे. आम्हांला त्यातला हिशेब जास्त बोलका वाटतो. साडेअकरा पौंड हे एकट्या विद्यार्थ्याचे पोट धरून ठरवलेले होते. या विद्यार्थ्यामागे मुंबईत बायको होती, मुले होती आणि नुकतेच पोरके झालेले घर होते. त्यातलेच काही वाचवून घरी पाठवायचे, उरलेल्यात जेवायचे आणि जेवणातून वाचवून जुनी पुस्तके घ्यायची. शिष्यवृत्ती संपूर्ण होती, पण ती विद्यार्थ्याची होती. कुटुंबाचा रकाना त्या कागदावर नव्हता. आजही तो बहुतेक ठिकाणी नसतोच.

१९१५ मध्ये एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये जातिसंस्थेवरचा निबंध वाचला आणि जूनमध्ये हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नावरचा प्रबंध विद्यापीठात दिला. त्याच जूनमध्ये तीन वर्षांची मुदत संपली. मुदत आणि प्रबंध असे एकाच महिन्यात गाठणे ही काय चीज आहे, हे पीएच. डी. करणाऱ्या कोणालाही विचारा.

पण पदवी मात्र मिळाली नाही. त्या काळी कोलंबियाचा नियम असा होता की प्रबंध स्वीकारला गेला तरी तो छापून त्याच्या प्रती विद्यापीठात जमा केल्याशिवाय पीएच. डी. द्यायची नाही. छपाईला पैसे लागतात आणि ते करारपत्रात नव्हते. आम्हांला या सगळ्या कहाणीतली ही सर्वांत शिकण्यासारखी जागा वाटते. अभ्यास झाला, प्रबंध झाला, परीक्षकही समाधानी, आणि पदवी छापखान्याच्या दारात अडलेली.

तिथून ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी नाव घातले. बडोद्याने थोडी मुदत वाढवली आणि पुढच्या वर्षी परत बोलावले. लंडनच्या विद्यापीठाने मात्र चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली. परतीचा प्रवास महायुद्धातला. ते वेगळ्या बोटीने आले म्हणून वाचले. सामानाची बोट पाणतीराने बुडाली. सामानाच्या विम्याचे ६०० रुपये हातात आले, त्यातले काही घरी देऊन उरलेल्यात बडोद्याचा प्रवास केला. करारातली दहा वर्षे पुरी करायला ते गेले होते. बडोद्यात त्यांना राहायला घर मिळाले नाही. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले आणि कचेरीतले शिपाई कागदपत्रे लांबून टेबलावर फेकत. दहा वर्षांची नोकरी काही दिवसांत संपली. करार मोडला तो कोणी, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोडतो. सयाजीराव महाराजांनी दिलेली शिष्यवृत्ती खरी होती. त्यांच्या शहराने तिची परतफेड होऊ दिली नाही.

यापुढचे शिक्षण शिष्यवृत्तीशिवायचे आहे. सिडनहॅम कॉलेजात १९१८ पासून दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापकी, त्यातून काटकसरीने शिल्लक. इथे आपला मुलूख प्रथम कथेत येतो. १९२० च्या मार्चमध्ये कागल जहागिरीतल्या माणगावात परिषद झाली आणि खुद्द शाहू महाराज तिथे आले. अस्पृश्यांना आपला पुढारी सापडला आहे, असे त्यांनी तिथे जाहीरपणे सांगितले. त्याच वर्षी जुलैत आंबेडकर पुन्हा लंडनला निघाले. जवळ स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले ५००० रुपयांचे कर्ज. भथेना हे कोलंबियाच्या वसतिगृहातले सोबती. लंडनच्या खानावळीत अर्धपोटी दिवस काढायचे आणि रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खायचे, असे ते दिवस होते. एम. एस्सी. झाली, बॅरिस्टरी झाली. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी सुधारून मागितला तेव्हा पैसे संपले होते. मुंबईला परत येऊन तो दुरुस्त केला, टपालाने पाठवला आणि १९२३ च्या अखेरीस लंडनची डी. एस्सी. मिळाली.

म्हणजे निपाणीत अध्यक्षीय खुर्चीवर बसलेले ‘डॉक्टर’ हे लंडनचे डॉक्टर होते. न्यूयॉर्कची पीएच. डी. अजून आलीच नव्हती. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरचा त्यांचा ग्रंथ लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने १९२५ मध्येच, म्हणजे निपाणीच्याच वर्षी, छापला. प्रती विद्यापीठात गेल्या आणि १९२७ मध्ये कोलंबियाने पदवी दिली. १९१३ ते १९२७. तीन वर्षांची शिष्यवृत्ती आणि चौदा वर्षांची डॉक्टरेट. ग्रंथ त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला आणि शिक्षणाच्या कामी झालेल्या मदतीचे ऋण त्यात नोंदवले. बडोद्यात जे भोगले त्याचा सल अर्पणपत्रिकेत कुठे दिसत नाही.

निपाणीच्या परिषदेआधी जेमतेम साडेतीन महिने बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली झाले होते. टिळकवाडीच्या अंगाला उभारलेल्या त्या विजयनगराच्या आठवणी बेळगावकर अजून सांगतात. निपाणीची आठवण तशी सांगितली जात नाही. त्या भाषणात आंबेडकरांनी गांधींचे श्रेयही मान्य केले आणि खादी व हिंदु-मुसलमान ऐक्याइतका त्यांचा आग्रह अस्पृश्यतानिवारणावर नाही, हेही सांगितले. इतर राजकारण्यांपेक्षा गांधींची सहानुभूती मोलाची, पण तेवढ्याने पुरे नाही, असा एकूण सूर होता.

त्याच वर्षी जानेवारीत बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला एक वसतिगृह उघडले होते. ज्याला वरची शिष्यवृत्ती मिळाली त्याने खाली काय बांधायला घेतले, ते पाहण्यासारखे आहे. त्याने बोर्डिंग बांधायला घेतले. कारण परदेशी जाणारा मुलगा आधी मॅट्रिक व्हावा लागतो, आणि मॅट्रिक होण्यासाठी त्याला हायस्कूल असलेल्या गावात रात्री अंग टाकायला जागा आणि दोन वेळची भाकरी लागते. चार वर्षांनी, १९२९ मध्ये, आपल्या कर्नाटक भागासाठी धारवाडचे बोर्डिंग निघाले आणि त्याची धुरा निपाणीच्या बळवंतराव वराळे यांनी उचलली. बेळगाव, विजापूर, धारवाडकडची खेड्यांतली मुले तिथे राहून शिकली. मराठी बोलणारी आणि कानडी बोलणारी मुले एकाच पंगतीत बसत. सीमाप्रश्न तेव्हा जन्मला नव्हता. वराळ्यांनी पुढे ‘डॉ. आंबेडकरांचा सांगाती’ या नावाने आठवणी लिहिल्या. आपल्या वाचनालयांत ते पुस्तक असायलाच हवे. बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढले तेव्हा वराळ्यांना तिकडे बोलावून घेतले.

पुढची पायरी दिल्लीत घडली. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर बाबासाहेबांनी लॉर्ड लिनलिथगो यांना निवेदन दिले आणि उच्च शिक्षणाची मागणी नेटाने मांडली. त्यातून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ३ लाख रुपयांची तरतूद झाली. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ पासून केंद्र सरकारची परदेशी शिष्यवृत्ती सुरू झाली, ती आजही चालू आहे. महाराष्ट्राने २००३ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने स्वतःची सुरू केली. जे एका संस्थानिकाच्या मर्जीवर होते ते सरकारी जाहिरातीत आले. केळुसकर गुरुजींची ओळख नसली तरी अर्ज करता येऊ लागला.

आता आपल्याकडचा गुंता. १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो. निपाणीतला मुलगा राहतो बेळगाव जिल्ह्यात, शिकतो देवचंद कॉलेजात. कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात. शहर आणि कॉलेज यांच्यामधून राज्याची हद्द जाते. त्याची पदवी शिवाजी विद्यापीठाची मराठी मुलखातली, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला कानडीतला. राज्याच्या शिष्यवृत्तीत पहिला प्रश्न अधिवासाचा येतो, आणि तिथे आपल्या मुलांना दोन्हीकडच्या खिडक्यांवर उभे राहावे लागते. केंद्राच्या शिष्यवृत्तीला ही अडचण नाही. तिकडे आपल्या मुलांचे लक्ष कमी जाते, ते वळवायला हवे. परदेशी विद्यापीठांची स्वतःची पीएच. डी.ची वेतने तर जात, भाषा, राज्य काहीच विचारत नाहीत. ती मार्गदर्शक प्राध्यापकाला आधी पत्र लिहिणाऱ्याला आणि संशोधनाचा आराखडा नीट मांडणाऱ्याला मिळतात.

मांडवात सत्कार घेणाऱ्या मुलांना आम्ही अलीकडे तीन गोष्टी विचारतो. मुदत किती वर्षांची आहे आणि विभागात पीएच. डी.ला प्रत्यक्षात किती वर्षे लागतात? बाँड आहे का, आणि तो पुरा करता आला नाही तर काय? शेवटच्या वर्षाचा खर्च कोण देणार? बहुतेकांना पहिल्या वर्षाची रक्कम तोंडपाठ असते, शेवटच्या वर्षाची माहीत नसते. एका मुलीने मात्र सत्कारातच थैलीतून कागद काढून चौथ्या वर्षाची अट दाखवली. तिच्या वडिलांची हयात तंबाखूच्या वखारीत गेली; हिशेब घरातच मुरलेला असावा.

बळवंतराव वराळ्यांचे नातू न्या. प्रसन्न वराळे यांचा जन्म १९६२ चा, निपाणीचा. २०२२ मध्ये ते कर्नाटक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या दिवशी निपाणीत पेढे वाटले गेले असतील तर त्यातला एक धारवाडच्या बोर्डिंगच्या नावाने ठेवायला हवा होता.