साहेबाची टोपी आणि आजीचा पंचा

मे महिन्याची सुट्टी लागली की आजोळी आम्ही बारा-तेरा मावस-मामेभावंडं जमायचो. करवंदांच्या जाळ्या, ओढ्याकाठची जांभळं आणि मळ्यातली विहीर, एवढंच आमचं जग. माजघरातल्या खुंटीवर आजोबांची सोला हॅट टांगलेली असे. इंग्रजी अमदानीत ते बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते आणि ती हॅट म्हणजे त्यांच्या नोकरीची शेवटची खूण. एका दुपारी मी ती डोक्यावर घालून मळ्यात पळालो आणि विहिरीत होडी म्हणून सोडली. आधी ती झकास तरंगली. मग कापड सुटलं, खळ विरघळली आणि वर काढली तेव्हा भिजलेल्या भाकरीसारखी हातात आली. आजोबांनी जे सुनावलं ते इथे सांगत नाही. आजी मात्र शांतपणे म्हणाली, "पोराच्या डोक्याला ओला पंचा पुरतो. हॅट कशाला लागते?"

श्रोतेहो, पुढे इतिहास शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आणि आजीचा तो प्रश्न वाटला तेवढा साधा नाही, हे हळूहळू कळत गेलं. उन्हात निघालेल्या मुलाच्या अंगावर काय घालावं, या प्रश्नात भीती असते, मिरवणं असतं, कधी कधी राजकारणही असतं.

आधी हॅटबद्दल. सोला म्हणजे 'सोलर' नव्हे, सूर्याशी या शब्दाचा संबंध नाही. शोला नावाची पाणथळ जागी वाढणारी वनस्पती आहे. तिच्या खोडातला गाभा पांढरा, मऊ आणि अतिशय हलका असतो. बंगालमध्ये नवरदेवाचा मुकुट, म्हणजे टोपोर, याच गाभ्याचा करतात. त्याच गाभ्याचे थर चिकटवून, वर कापड चढवून साहेबाची टोपी होई. म्हणजे टोपी साहेबाची असली तरी माल आणि कारागिरी इथलीच.

हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रज कुटुंबांत मुलांनाही ही टोपी घालत. घालत कसली, सक्तीच होती. ऊन कवटीतून थेट मेंदूत शिरतं आणि गोऱ्या माणसाची कवटी ते सोसू शकत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. आभाळ भरून आलं तरी टोपी काढायची नाही, कारण किरण ढगांतूनही येतात! ती उतरायची ते सूर्य मावळल्यावर. एवढ्यावर भागत नसे. पाठीचा कणाही तितकाच नाजूक समजला जाई, म्हणून सदऱ्याच्या पाठीवर बटणांनी अडकवलेली जाड कापडी गादी असे. पोटाला गार वारा लागला की पटकी होते, म्हणून पोटाभोवती फ्लॅनेलचा पट्टा. विचार करा, एप्रिल-मे महिना, लहान लेकरू, आणि अंगावर लोकर, गादी नि टोपी!

उन्हाळा कडक झाला की मुलांना घेऊन मडमा डोंगरावर जात. मुंबईकर साहेबांसाठी माथेरान फार सोयीचं. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये ही जागा हेरली आणि १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाने नेरळहून छोटी रेल्वे वर नेली. तिथल्या गर्द झाडीत ऊन जमिनीवर कवडशांपुरतंच उतरतं. पण सावलीतून चालतानाही डोक्यावरची टोपी हलत नसे.

या भीतीला नंतर शास्त्राचा टेकूही मिळाला. १९०५ मध्ये चार्ल्स वुडरफ या अमेरिकी लष्करी डॉक्टरने पुस्तक लिहून सांगितलं की, उष्ण देशातला प्रकाशच गोऱ्या माणसाला खचवतो. मग असे किरण अडतील म्हणून फिलिपिन्समधल्या शेकडो अमेरिकी सैनिकांना नारिंगी-तांबड्या रंगाचे आतले कपडे घालून बघण्यात आलं. निष्कर्ष १९१० मध्ये छापून आला. फायदा काही नाही, उलट त्या कपड्यांत जास्तच उकडलं! खरं म्हणजे ऊन लागतं ते काही किरण कवटी भेदतात म्हणून नव्हे. घाम वाळताना शरीर थंड होतं. घाम वाळेनासा झाला किंवा अंगातलं पाणीच कमी पडलं की शरीरातली उष्णता साठत जाते. म्हणजे ज्या जाड कपड्यांनी मुलाला वाचवायचं, तेच त्याला आतून भाजत होते.

मग हे खूळ इतकी वर्षं टिकलं कसं? जॉर्ज ऑरवेल यांनी १९४४ मध्ये 'ट्रिब्यून' साप्ताहिकात याचं मार्मिक उत्तर दिलं. ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी म्हणून त्यांनी ही टोपी स्वतः वापरली होती. त्यांचं म्हणणं असं की, राज्य करायचं तर 'आपण वेगळे, ते वेगळे' हे सतत ठसवावं लागतं आणि ही टोपी त्यासाठीच होती. उघड्या डोक्याने नांगरणारा शेतकरी समोर दिसत होता, पण त्याची कवटीच जाड, असं म्हटलं की प्रश्न मिटला. दुसऱ्या महायुद्धात सैनिक ब्रह्मदेशात मऊ बुश हॅट घालून लढले आणि काही बिघडलं नाही. मायदेशी परतणाऱ्या साहेबांनी आपल्या टोप्या बोटीवरून समुद्रात भिरकावल्या, असं सांगतात.

आता आपल्या मुलांकडे येऊ. तान्ह्याला कुंची आणि झबलं. रांगत्या मुलाच्या कमरेला नुसता करदोटा. थोरल्याला लंगोटी नाहीतर सुती सदरा, मुलीला परकर-पोलकं. आंब्यावर चढायचं असलं की परकर खोचला, झालं. विहिरीत शिकायला उतरायचं तर पाठीला सुका भोपळा बांधायचा, हाच आमचा पोहण्याचा पोशाख. डोक्यावर पंचा आणि खिशात कांदा. कांद्याने ऊन लागत नाही याला आधार नाही, पण ओल्या पंचाला आहे. त्यातलं पाणी वाळताना डोकं थंड राहतं.

मात्र जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. आम्ही अनवाणी हिंडायचो त्याचं कारण शहाणपण नव्हतं, चपलांना पैसे नव्हते. काटे मोडत, पाय पोळत, गवतात विंचूकाट्याची भीती असे. उन्हाने आपलीही मुलं दगावत, फक्त त्यांच्यासाठी कुणी पुस्तकं लिहिली नाहीत.

मुलांच्या भटकंतीच्या कपड्यांत खरा बदल केला स्काउटांनी. बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं. त्यांच्या गणवेशात अर्धी चड्डी आली, गुडघे मोकळे झाले. पळायला, चढायला, ओढा ओलांडायला सोयीचा असा हा पोशाख. आपल्याकडे १९१० आणि १९११ या वर्षांत खडकी, लोणावळा इथे पथकं निघाली आणि १९११ मध्ये जबलपूरला गर्ल गाइडचं पहिलं पथक निघालं. पण स्काउटांच्या त्या पथकांत प्रवेश फक्त युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांना! तेव्हा अॅनी बेझंट यांनी हिंदी मुलांसाठी वेगळी संघटना काढली. तिच्या गणवेशात हॅटऐवजी फेटा होता. दोन्हीकडची मुलं त्याच उन्हात हिंडत होती, पण डोक्यावर काय, यावरून ती कोणाची हे ठरत होतं.

या सगळ्यात मला सर्वांत आवडतं ते गांधीजींचं मत. १९२९ मध्ये 'यंग इंडिया'त त्यांनी मोकळेपणाने लिहिलं की, लोकांच्या मनात हॅटबद्दल अढी नसती तर सोला हॅटच्या प्रचारासाठी निघालेल्या मंडळाचं अध्यक्षपदही आपण घेतलं असतं. ज्यांच्या नावाची टोपी देशभर झाली, त्यांनीच हे लिहिलं! कारण सरळ आहे. त्या हॅटला कड आहे, डोळ्यांवर आणि मानेवर सावली पडते. गांधी टोपीला कड नाही. साहेबाचं भय खोटं होतं, पण सावली खरी होती.

हे सगळं आज सांगण्याचं कारण घरातलंच आहे. काही वर्षांपूर्वी माझा नातू मे महिन्यात एका साहस शिबिराला गेला. गणवेश म्हणून काळा, अंगाला घट्ट बसणारा पॉलिएस्टरचा टी-शर्ट दिला होता. छातीवर मोठं चित्र आणि डोक्याला काही नाही. दुपारी बाराच्या चढणीवर तो गळपटला. बरोबरच्या एका ताईने त्याला सावलीत बसवलं, टी-शर्ट काढला, ओल्या रुमालाने अंग पुसलं आणि घोट घोट पाणी पाजलं. पोर वाचलं. ते ऐकताना मला ती इंग्रज मुलं आठवली. त्यांनाही कुणीतरी प्रेमानेच पाठीवर गादी बांधली होती. कपडा निवडताना मुलाचा घाम कुणी बघितला नाही, तेव्हाही आणि आताही.

तेव्हा येत्या सुट्टीत मुलाची पिशवी भरताना एवढं बघा. सैल, फिक्या रंगाचा, लांब बाह्यांचा सुती सदरा, मानेपर्यंत सावली देणारी कडेची टोपी, पायांत मजबूत बूट आणि भरपूर पाणी. बारा ते तीन या वेळात झाडाखाली बसायला सांगा. आणि एक पंचा द्या. माझ्या नातवाच्या पिशवीत हल्ली तो असतो. हॅटही असते. विहिरीत सोडायची नाही, एवढी ताकीद मात्र मी देतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)