६५ अश्वशक्तीचे विमान आणि जुन्या बाजारात मिळालेले आकाश

१/ १९३० साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, ब्रॅडफर्ड गावी, विमाने बनवणारी एक छोटी कंपनी दिवाळखोरीत निघाली. तेलाच्या धंद्यातील विल्यम पायपर यांनी तिची मालमत्ता अवघ्या ७६१ डॉलरला विकत घेतली. या व्यवहारातून पुढे जे पिवळे, दोन आसनी विमान जन्मले, ते ऐंशी वर्षांनंतरही हौशी वैमानिक हुडकून विकत घेतात. ते का, याचे उत्तर एका कोसळलेल्या बाजारपेठेत दडलेले आहे.

२/ कंपनीचे संस्थापक सी. जी. टेलर हे कल्पक रचनाकार होते, तर पायपर यांचा विश्वास साध्या हिशेबावर होता. विमान सोपे आणि स्वस्त असेल, तर सामान्य माणूसही उडेल, असे ते मानत. महामंदीच्या ऐन काळात ‘ई-२ कब’ १,३२५ डॉलरला बाजारात आले. पुढे दोघांचे बिनसले आणि १९३५ मध्ये टेलर बाहेर पडले. १९३७ मध्ये ब्रॅडफर्डचा कारखाना आगीत जळाला. पायपर यांनी लॉक हेवन येथील रेशमाच्या बंद गिरणीत नवा संसार मांडला. तेथे १९३८ पासून ‘जे-३ कब’ तयार होऊ लागले.

३/ या विमानाची रचना अत्यंत साधी होती. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले सुती कापड आणि कापडावर ‘डोप’ नावाचा लेप. इंजिन आरंभी ४० अश्वशक्तीचे होते, ते लवकरच ६५ पर्यंत गेले. वेग ताशी सुमारे १२० किलोमीटर. विजेची सोय नसल्याने पुढचा पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करावे लागे. इंधन किती उरले, हे टाकीतल्या तरंगत्या बुचाला जोडलेली तार दाखवी. इंधन संपत आले की तार खाली जाई.

४/ मुख्य चाके पुढे आणि एक छोटे चाक शेपटीखाली, ही त्या काळची रूढ मांडणी. पुढचा पंखा जमिनीपासून उंच राहत असल्याने ती कच्च्या मैदानावर सोयीची ठरे. मात्र विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे राहतो. त्यामुळे उतरताना विमान थोडे जरी तिरके झाले, तरी मागचे वजन तो तिरकेपणा वाढवत नेते. वैमानिकाच्या पायांनी वेळीच सावरले नाही, तर विमान स्वतःभोवती गिरकी घेते आणि बहुधा पंखाचे टोक जमिनीवर आपटते.

५/ १९३९ मध्ये अमेरिकी सरकारने नागरी वैमानिक प्रशिक्षणाची योजना सुरू केली. १९४४ पर्यंत चार लाखांहून अधिक लोकांनी तिचा लाभ घेतला आणि त्यांतील असंख्य जणांचे पहिले उड्डाण कबमधले होते. टस्कीगी येथील कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेलाही या योजनेत स्थान मिळाले. ज्यांना लष्करी विमानदलाची दारे बंद होती, त्यांच्यासाठी ही पहिली फट होती.

६/ युद्ध संपल्यावर सर्वांनीच एक अंदाज बांधला: हजारो वैमानिक घरी परततील आणि मोटारीसारखे विमानही विकत घेतील. १९४६ या एका वर्षात अमेरिकेत ३३ हजारांहून अधिक छोटी विमाने तयार झाली. १९४७ मध्ये उत्पादन निम्म्याहून खाली घसरले, तर १९४९ मध्ये ते जेमतेम साडेतीन हजारांवर आले. लष्कराने विकायला काढलेली जादा विमानेही त्याच बाजारात उतरली होती.

७/ घरी परतलेल्या तरुणांना आधी घर हवे होते, मग मोटार. जे-३ चे उत्पादन १९४७ मध्ये थांबले. लॉक हेवनमधील अनेक कामगार बेकार झाले आणि खुद्द पायपर यांच्या हातून काही काळ कंपनीची सूत्रे गेली. ‘चॅम्प’ आणि ‘चीफ’ बनवणाऱ्या एरॉन्का कंपनीने १९५१ मध्ये छोट्या विमानांचा धंदाच सोडला.

८/ कारखाने थांबले, परंतु विमाने उरली. जे-३ चीच संख्या सुमारे २० हजार होती. मागणीपेक्षा पुरवठा कितीतरी मोठा असल्याने जुन्या विमानांच्या किमती उतरल्या आणि पुढील काही दशके मध्यम उत्पन्नाच्या माणसालाही विमान परवडू लागले. पायपर यांनी पाहिलेले स्वप्न नव्या मालाच्या दुकानात भंगले आणि जुन्या बाजारात बऱ्याच अंशी खरे झाले.

९/ जमीन घेताना जाणता माणूस आधी सातबारा आणि फेरफाराच्या नोंदी पाहतो. जुन्या विमानाचे लॉगबुक असेच वाचावे लागते. पंख कधी मोडला, कापड कधी बदलले, इंजिन कोणत्या साली पूर्ण उघडले, याची नोंद त्यात सापडते. मधली वही हरवलेली असेल, तर किंमत उतरते. इतिहासाच्या अभ्यासकाप्रमाणेच ग्राहकालाही कागद आणि वस्तू एकमेकांशी ताडून पाहाव्या लागतात.

१०/ कारण कागद सांगत नाही, ते कधी कधी नळीच्या आत असते. पायपरच्या जुन्या विमानांत पंखांना आधार देणारे तिरके दांडे आतून गंजतात आणि बाहेरचा रंग मात्र चकचकीत दिसतो. १९९३ मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने या दांड्यांची तपासणी सक्तीची केली. चॅम्पच्या पंखात लाकडी तुळया असतात. त्यांतील बारीक तडे शोधावे लागतात. दांडा किंवा तुळई हवेत मोडली, तर पंखच जातो. म्हणून तपासणीचा खर्च वाचवणारा ग्राहक स्वतःचा जीव पणाला लावतो.

११/ दरम्यान, पुढे चाक असलेली, उतरवायला सोपी विमाने रूढ झाली. शेपटीखालच्या चाकाचे कसब दुर्मीळ झाले आणि १९९१ पासून अमेरिकेत त्यासाठी प्रशिक्षकाची स्वतंत्र नोंद आवश्यक ठरली. २००४ मध्ये हलक्या विमानांसाठी सुमारे ६०० किलो वजनाची मर्यादा आखून नवा परवाना आला. त्यासाठी वेगळ्या वैद्यकीय प्रमाणपत्राऐवजी मोटारचालकाचा परवाना चालू लागला. भरल्या वजनाला सुमारे ५५३ किलोचा कब आणि त्याची भावंडे या मर्यादेत बसली. वयस्कर वैमानिक त्यांच्याकडे वळले आणि या जुन्या विमानांचा भाव वधारला.

१२/ या कथेचा एक धागा भारतातही पोहोचतो. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीत, मराठी विमान-अभियंते डॉ. वि. मा. घाटगे यांच्या कारकिर्दीत, ‘पुष्पक’ तयार झाले. ९० अश्वशक्तीच्या या विमानाची रचना एरॉन्का चीफवर बेतलेली होती. पहिले उड्डाण २८ सप्टेंबर १९५८ रोजी झाले. अशी दीडशेच्या आसपास विमाने बनली आणि ती प्रामुख्याने फ्लाइंग क्लबांकडे गेली. अमेरिकेत हे आकाश एकेका मालकाच्या वाट्याला आले. भारतात ते क्लबाच्या सामायिक विमानातून मिळाले.

१३/ एखाद्या कबची किंमत आज मूळ किमतीच्या कित्येक पट असते आणि तिच्याकडे दुर्मीळ वस्तू म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात ती एके काळी खपत नव्हती, म्हणूनच सामान्य माणसाच्या हाती आली. त्या स्वस्ताईची पहिली किंमत लॉक हेवनच्या कामगारांनी आपल्या नोकऱ्यांनी चुकती केली होती. विमानाच्या लॉगबुकात सर्व मालकांचा आणि दुरुस्त्यांचा माग लागतो. त्या कामगारांची नोंद मात्र तिथे सापडत नाही.