गुळवेल

गुळवेल (टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, कुल मेनिस्पर्मेसी) : आयुर्वेदात रसायन म्हणून मानलेली कडू वेल. संस्कृतात गुडूची, अमृता, हिंदीत गिलोय. कोरियात अंगात ताकद यावी म्हणून जिन्सेंगची मुळी घेतात, आपल्याकडे गुळवेलीचे खोड. मुंबईतल्या मालाडकरांना ती विकत आणायची खरे तर गरज नाही. मढ-मार्वेकडची कुंपणे, पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेची झाडे तिला पुरतात.

पाने हृदयाकृती, खोडावर बारीक पुटकुळ्या. वरची कागदी साल नखाने खरवडली की हिरवा थर लागतो. आडव्या कापात चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. बुंधा तोडला तरी वेल मरत नाही, वरूनच दोऱ्यासारखी मुळे जमिनीकडे सोडते. कडुनिंबावर चढलेली वेल वैद्य उत्तम मानतात. ओले खोड ठेचून पाण्यात कोळले की तळाशी बसणारा पांढरा साका म्हणजे गुळवेल सत्त्व. जुना ताप, कावीळ, वातरक्त, मधुमेह यांवर ती परंपरेने देतात.

तिच्या आधुनिक अभ्यासात परळच्या केईएम रुग्णालयाचा वाटा मोठा. डॉ. शरदिनी डहाणूकर (वाचकांना लेखिका म्हणूनही परिचित) आणि सहकाऱ्यांनी पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या 30 रुग्णांवरील अभ्यास 1993 साली प्रसिद्ध केला. नेहमीच्या उपचारांना गुळवेलीची जोड मिळालेल्यांत शस्त्रक्रियेनंतर वाचण्याचे प्रमाण सुमारे 92 टक्के होते, इतरांत 40. आकडे बोलके खरे, पण रुग्ण थोडे.

काविळीवरच्या याच वेलीवर पुढे यकृत बिघडवल्याचा आरोप आला. करोनाकाळात घरोघरी गुळवेलीचे काढे उकळू लागले, आणि 2020च्या अखेरच्या चार महिन्यांत यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी 2021 साली प्रसिद्ध केली. सहाही जण गुळवेल घेत होते. आयुष मंत्रालयाने निष्कर्ष नाकारला, वेलीची ओळख पटवली नसल्याचा आक्षेप घेतला. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता: टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिची सख्खी बहीण यकृताला घातक ठरल्याच्या नोंदी आहेत. मात्र 2022 साली 13 केंद्रांतील 43 रुग्णांची माहिती आली, तेव्हा हे प्रकरण केवळ चुकीच्या वेलीवर ढकलणे अवघड झाले. अनेकांत स्वप्रतिकारक यकृतदाहाची लक्षणे होती. प्रतिकारशक्ती चाळवणे हाच जिचा गुण, ती अशा रुग्णांनी, तसेच थायरॉइडचा स्वप्रतिकारक विकार असलेल्यांनी मनाने घेऊ नये. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर घेतल्यास साखर जास्त उतरू शकते. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर काढा तत्काळ थांबवून तपासणी करावी आणि काढ्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे. ‘कोणती औषधे चालू आहेत?’ या प्रश्नाच्या उत्तरात काढा सहसा येत नाही.